टिंबी, तारकी, कंसाळी

.वर्णन

खुणांची भाषा निवडायची होती. एवढंच.

ऐकायला क्षुल्लक वाटतं, आणि आहेही. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं प्रोग्रॅमच्याच ओळींमध्ये इतर माणसांसाठी चार शब्द लिहून ठेवतात. हा भाग काय करतो, याला काय द्यायचं, कुठं जपून. ते शब्द उचलून त्यांचं नीटनेटकं माहितीपुस्तक करून देणारं एक साधन असतं, आणि या कंपनीचं पोट त्या एका साधनावर चालत होतं. आता साधन पडलं यंत्र. यातलं शीर्षक कुठलं, इशारा कुठला, उदाहरण कुठलं, हे त्याला खुणा करून सांगावं लागतं. कुठल्या खुणा करायच्या यावर माणसं जशी भांडतात, तसे सख्खे भाऊही कुंपणावरून भांडत नसतील.

साधन नव्यानं लिहायला घेतलं होतं. उमेदवार तीन.

टिंबी. घरची. ओळीच्या सुरुवातीला टिंब, आणि टिंबाला चिकटून खुणेचा शब्द. वर 'वर्णन' लिहिलंय ना, तसं. खुणा इतक्या की सगळ्या पाठ असलेला माणूस ऑफिसात एकही नव्हता.

तारकी. बाहेर सगळीकडे चालणारी. शब्दाला एक तारा लावला की तो तिरका, दोन लावले की ठळक. बाकी आपलं पत्र लिहिल्यासारखं लिहीत जायचं.

कंसाळी. प्रत्येक गोष्ट टोकदार कंसात उघडायची आणि टोकदार कंसातच मिटायची. शिस्तीची बाई. पण साधं एक वाक्य लिहायचं तरी त्याच्या दोन्ही बाजूंना पहारेकरी उभे.

निवड करणाऱ्या गटाची प्रमुख होती ती, आणि टिंबी बनवली होती तिच्या सासऱ्यांनी.

यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ती या कंपनीत शिकाऊ म्हणून आली तेव्हा सासरे तिचे वरिष्ठ होते. आधी शिष्या, मग सून. "हिचं लग्न टिंबीशीच लागलंय, नवरा सोबत मिळाला," असं जुने लोक म्हणायचे आणि ती हसायची. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान. त्याला यातलं ओ की ठो कळत नसे. सासरे निवृत्त झाले तरी जेवणं उरकली की सासरे आणि सून टेबलावर कोपरं टेकून वादाला बसत, आणि नवरा भांड्यांकडे वळत म्हणे, "चालू द्या तुमचं. मी भांडी घासतो. निदान भांड्यांना शीर्षक लागत नाही."

ही दिवसातली सगळ्यात चांगली वेळ. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना तर नाहीच.

.अट

एकदा, नवरा दुकानात असताना, सासऱ्यांनी तिला खोलीत बोलावलं. पडद्यावर जुन्या कामाचं एक पान उघडं होतं. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. ओळीत टिंब होतं आणि पुढं नुसता 'ग'.

"हे काय गं?"

"परीक्षा घेताय का माझी?"

"नाही. विचारतोय."

ती हसत होती ती थांबली. खूण त्यांनीच बनवलेली. जुन्या पानांमध्ये ती ठिकठिकाणी होती, साधन तिच्याकडे ढुंकूनही बघत नसे, आणि आजवर कुणाचं त्यावाचून अडलं नव्हतं.

"डॉक्टरकडे जाऊन आलोय," सासरे म्हणाले. "सुरुवात आहे म्हणतात. हळूहळू जाईल. म्हणजे मी नाही, आठवण." मग थोडं थांबून, "कुणाला सांगू नकोस एवढ्यात. त्यालासुद्धा. चष्मेवाला माणूस तो. रोज सकाळी मला समोर बसवेल आणि विचारेल, हे दिसतंय का, आता दिसतंय का."

"नाही सांगणार, बाबा."

"तुला सांगितलं कारण तुला कळतं की नेमकं काय गेलंय."

तेवढीच अट. बाहेर बोलायचं नाही. ही अट ज्याला घालायची तो माणूस त्यांनी विचार करून निवडला होता.

.इशारा

बैठकीच्या खोलीत काचेची भिंत, लांब टेबल, आणि खुर्च्या अशा की टेकून बसलं तर माणूस मागे जातो आणि न टेकता बसलं तर पाठ जाते. समोरच्या मोठ्या पडद्यावर बाहेरून जोडलेल्यांचे गोल. एका गोलात नुसतंच 'पाहुणा' लिहिलेलं. शेजारच्या खोलीतला संगणक नेहमी चुकून जोडलेला राहायचा आणि असाच 'पाहुणा' म्हणून दिसायचा. तिनं पाहिलं आणि सोडून दिलं.

घाईसाहेब आले तेच उभ्या उभ्या. ते या विभागाचे मुख्य, आणि त्यांच्या तोंडी एकच वाक्य: "चला, आटपा."

शंकासुर आधीच येऊन बसला होता. तो चाचण्या घेणारा. शंका काढणं हे त्याचं काम होतं आणि दुर्दैवानं आवडही. त्याच्या समोर पोपट, हिरव्या जाकिटातला आणि तोंडाला पूर्णविराम नसलेला प्रोग्रॅमर.

चाचणीचे निकाल पडद्यावर आले. एकच मजकूर नव्या लोकांना तिन्ही पद्धतींनी लिहायला दिला होता. तारकीत लोक पटकन लिहून मोकळे झाले. कंसाळीत लिहिलं, पण कुरकुरत. टिंबीत निम्म्यांनी अर्ध्यावर सोडून दिलं.

"निकाल ठीक आहेत," शंकासुर म्हणाला. "पण इतकी वर्षं सगळं टिंबीत आहे. ते हलवायचं कोण? आणि तारकीत तक्ते धड येत नाहीत."

"तक्ते कोण वाचतं?"

"पोपटराव, तुम्ही काहीच वाचत नाही, तुमचं सोडा."

"वाचतो की! मी टिंबी वाचायला घेतली. टिंब-शीर्षक समजलं, टिंब-इशारा समजलं, आणि मग हे बघा, टिंब-ग. सगळ्यांना विचारलं. कुणालाच माहीत नाही. ग म्हणजे काय, ताई? तुमच्या घरचीच भाषा ना?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

इथं तिला म्हणता आलं असतं, मलाही माहीत नाही. खरं होतं. तीन शब्द. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"अरे, मला काय विचारतोस? ज्यांनी बनवली त्यांनाच आठवत नाही! परवा सासरे मलाच विचारत होते, हे काय गं म्हणून."

हशा. मोठा, मोकळा. शंकासुरसुद्धा हसला. तो हसला की तोंडावर हात ठेवतो, तसा.

तो हशा तिला गोड लागला. घरच्या भाषेची वकील म्हणून सगळे तिच्याकडे संशयानं बघत होते, आणि एका वाक्यात ती त्यांच्यातली झाली. गोड लागलं की माणूस आणखी एक उचलतो.

"एवढंच नाही. स्वतःच्या खुणेचा अर्थ शोधायला स्वतःचंच माहितीपुस्तक काढायला निघाले, आणि पुस्तक कुठं ठेवलंय ते दिवसभर मलाच विचारत होते!"

आता यावर तर घाईसाहेबही खुर्चीत बसले. पोट धरून. आणि हसू ओसरायच्या आत म्हणाले, "बस्स. निकाल लागला. ज्या खुणा बनवणाऱ्यालाच आठवत नाहीत, त्या वाचणाऱ्यानं का लक्षात ठेवायच्या? तारकी. चला, आटपा."

चाचणीचे आकडे पडद्यावर तसेच राहिले. निर्णय आकड्यांनी झालाच नाही. तो तिच्या विनोदानं झाला.

.उदाहरण

संध्याकाळी जेवताना नवऱ्यानं विचारलं, "काय मग, कोण आलं निवडून?"

ती घास गिळून सांगणार, तोवर सासरे म्हणाले, "तारकी."

"तुम्हाला कसं कळलं?" हे नवऱ्यानं विचारलं. तिच्यानं विचारवलं नसतं.

"होतो ना मी त्या बैठकीत. हिच्या साहेबांनी बोलावलं होतं, जुना माणूस म्हणून. मला ते नाव घालायचं कुठं ते सापडेना, मग पाहुणा म्हणूनच बसलो." सासऱ्यांनी पाण्याचा पेला पुढं ओढला. "आवाज फार छान येत होता."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मला बोलायला काय उरलं होतं? हिनं सगळं सांगितलं."

नवरा कौतुकानं तिच्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, बायकोनं सासऱ्यांची बाजू मांडली असणार.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात, पण मेलेल्याला निदान ताटातलं संपवावं लागत नाही. तिनं संपवलं. सासऱ्यांनीही संपवलं, ताट उचललं, आणि टेबलाशी न बसता खोलीकडे निघाले.

"आज वाद नाही?" नवऱ्यानं भांड्यांजवळून विचारलं.

"आज पाहुणा दमलाय," सासरे म्हणाले.

.मसुदा

बाबा, परवा मी जे बोलले ते

.मसुदा

बाबा, मला माहीत नव्हतं की तुम्ही

(म्हणजे? ते नसते तर चाललं असतं?)

.मसुदा

बाबा,

.मसुदा

प्रति, सर्व सदस्य. टिंबीबाबत फेरविचाराची शिफारस.

हा जमला. भराभर जमला. माफी मागायला बसली होती आणि शिफारस लिहून उठली.

दरम्यान कितीतरी संध्याकाळी टेबल जेवणानंतर रिकामं राहिलं होतं. सासरे बोलत होते, नाही असं नाही. दार लाव, पाऊस येईलसं वाटतं, दूध संपलंय. फक्त कामाचं एक अक्षर नाही. तिनं एकदा मुद्दाम विचारलं, "बाबा, तक्त्यांचं काय करावं?" तर म्हणाले, "तुमच्यात हुशार माणसं आहेत." रागानं नाही. रागानं म्हणाले असते तर तिनं पाय धरले असते.

तेव्हा तिनं ठरवलं, टिंबी वाचवायची. चूक केली ना, मग भरपाई करायची. दुपारी ऑफिसच्या कोपऱ्यात बसून तिनं पानंच्या पानं लिहिली. टिंबी शिस्तीची आहे. टिंबीला परंपरा आहे. टिंबी आपली ओळख आहे. ओळख! खुणांच्या भाषेला ओळख असते असं कुणी दुसऱ्यानं लिहिलं असतं तर तिनं लाल रेघ मारली असती. आणि चाचणीचे निकाल? तेवढं एक पान तिनं बाजूला ठेवलं. खोटं लिहिलं नाही. खरं लिहिलं नाही, इतकंच.

शिफारस सगळ्यांना गेली. घाईसाहेबांचं उत्तर आलं: "आता हे काय?" शंकासुराचं आलं: "चाचणीचं पान गळालंय का? शंका आहे." पोपटानं नुसता डोकं खाजवणारा चेहरा पाठवला.

आणि 'सर्व सदस्य' म्हटलं की त्यात तो जुना माणूसही आला. हे तिला ठाऊक होतं. त्यांच्यासाठीच तर लिहिलं होतं.

.दुरुस्ती

सकाळी ती स्वयंपाकघरात गेली तर सासरे ओट्याला टेकून उभे. हातात कपात चहा, न पिता गार झालेला.

"ते तू लिहिलंस?"

"हो." तिला वाटलं, आता चेहरा जरा सैल पडेल.

"मनापासून?"

ती चहाचं भांडं विसळायला लागली.

"बरं, मनापासून नाही. मग कशापासून?"

"बाबा, मी त्या दिवशी फार वाईट वागले. मला काही सुचत नव्हतं, म्हणून..."

"त्या दिवशी हसलीस, तेव्हा निदान खरं बोलत होतीस," सासरे म्हणाले. "मला आठवत नाही हे खरं. पुस्तक सापडत नव्हतं हे खरं. मी ऐकलं, मला लागलं, पण खोटं काही नव्हतं त्यात. हे जे लिहिलंयस ना, यात एक ओळ खरी नाही. निकालाचं पान कुठाय?"

"काढलं."

"का?"

"टिंबी टिकावी म्हणून."

"टिंबी! अगं, टिंबी मी का केली माहितीये? तेव्हाचं यंत्र बिचारं एका वेळी एकच ओळ वाचायचं. पुढचं लक्षात नाही, मागचं लक्षात नाही. त्याला ओळीच्या तोंडाशीच सांगावं लागायचं, बाबा रे, ही खूण आहे. म्हणून टिंब. यंत्राला सोपं जावं म्हणून माणसाला त्रास दिला आम्ही. आता यंत्र शहाणं झालंय." त्यांनी कप खाली ठेवला. "मी असतो तर पहिल्या दिवशी तारकी म्हटलं असतं. त्या बैठकीत तेच सांगायला बसलो होतो. तेवढ्यात तुझा विनोद आला."

तिला धरायला काही सापडेना. ओटा होता, तो तिनं धरला.

"हसलीस ते विसरेन मी," सासरे म्हणाले. "तसंही बरंच विसरणार आहे. पण आता तू माझ्यासाठी कामात खोटेपणा करायला लागलीस. म्हणजे मी कामातून गेलो, असंच ना? कामातल्या माणसाशी कुणी असं वागत नाही. त्याला तोंडावर सांगतात, तुझं चुकलं."

"मागे घेते मी."

"घे."

"पण कारण काय सांगू? खरं सांगायचं तर परत तुमचंच नाव..."

"ते तू बघ. शब्दांचंच खातेस ना?" ते दाराकडे निघाले, मग वळले. "आणि हो, त्याला सांगितलं मी काल. दुकानात जाऊन. ऑफिसला कळलंय म्हटल्यावर पोटच्या मुलाला सगळ्यात शेवटी कळावं, हे काही बरं नव्हे."

.पाहा

नवरा दुकानात काचा पुसत होता. गिऱ्हाईक नव्हतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी अक्षरं, खाली लहान होत गेलेली.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

तिनं सांगितलं.

"आणि मला नाही."

"त्यांनी नको म्हटलं होतं."

"ते कळलं मला. त्याचा राग नाही." तो एकच काच पुसत राहिला. "माझ्यापासून लपवलंस ते त्यांच्या शब्दासाठी. मग तिथं बोललीस ते कुणासाठी?"

हा प्रश्न तिला कुणीतरी आधीच विचारायला हवा होता. तिनं स्वतःच, म्हणजे.

"कुणासाठी नाही. हशा मिळत होता."

नवऱ्यानं मान हलवली. त्यानं चष्मा उजेडात धरून पाहिला, परत पुसला. "किती जण होते?"

"भरपूर."

"हं," तो म्हणाला. "जा. उशीर होईल तुला."



दुसऱ्या बैठकीला सासरे स्वतः आले. घाईसाहेबांनीच पुन्हा बोलावलं होतं. सगळं टिंबीतून तारकीत न्यायचं तर मूळ माणूस हवा, असं शंकासुराचं म्हणणं पडलं.

ती आधीच जाऊन बसली होती. काचेच्या भिंतीपलीकडून सासरे येताना दिसले. इस्त्रीचा शर्ट, केस पाण्यानं बसवलेले, चालणं ताठ. आणि ते दारात येताच खोलीतले सगळे उठून उभे राहिले.

या खोलीत आजवर कुणी कुणासाठी उठलं नव्हतं. घाईसाहेबांसाठी तर नाहीच, कारण ते स्वतःच सहसा बसत नसत.

"या सर! इकडे, इकडे बसा," घाईसाहेब म्हणाले, नेहमीपेक्षा मोठ्यानं आणि एकेक शब्द सुटा करून, लांब उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसे. शंकासुरानं खुर्ची ओढून धरली. पोपटानं पाण्याचा पेला आणला, तो सासऱ्यांच्या हातापासून जरा लांब ठेवला, सांडू नये म्हणून.

"पाणी आहे इथं, सर. इथं. उजव्या हाताला."

"उजवा हात अजून ओळखतो मी," सासरे म्हणाले.

पोपट लाल झाला. कुणी हसलं नाही. सासऱ्यांचा विनोद चांगला होता, वेळेवर होता, आणि कुणीही हसलं नाही. सगळ्यांनी चेहरे मऊ करून माना डोलावल्या.

हे तिनं केलं होतं. त्या दिवशी हसली ती माणसं आज किती चांगली वागत होती! प्रत्येकाच्या चांगुलपणात तिचं ते एक वाक्य दिसत होतं. हसले असते तर बरं, असं तिला वाटलं. पुन्हा हसले असते तरी बरं. सासऱ्यांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. त्यांनाही ते दिसलंच होतं.

"चला, आटप... म्हणजे, सावकाश सुरू करू," घाईसाहेब म्हणाले.

ती उभी राहिली. "आधी माझं. मी पाठवलेली शिफारस मागे घेते. चाचणीचं पान गळालं नव्हतं, मी मुद्दाम काढलं होतं. निकाल तारकीच्या बाजूनं आहेत. निर्णय त्या निकालांवर व्हावा आणि नोंदही तशीच व्हावी. आधीच्या बैठकीत जे कारण नोंदलं गेलं, ते खोडावं."

"मुद्दाम?" शंकासुराला ही शंकासुद्धा आली नव्हती. "का पण?"

काय सांगायचं याचे तिनं वाटेत कितीतरी मसुदे केले होते. सगळ्यांत सासरे येत होते. सासऱ्यांचं मन, सासऱ्यांचं वय, सासऱ्यांचं दुखणं. एकेक खोडत शेवटी एकच उरला होता, त्यात तीच होती.

"मला घरी बरं दिसायचं होतं."

खोलीत कुणीतरी पेन खाली ठेवलं. घाईसाहेबांनी घसा साफ केला. ज्या बाईनं गेली कितीतरी वर्षं इतरांच्या वाक्यांत पाणी कुठं घातलंय ते बरोबर दाखवलं, ती स्वतः पाणी घालताना सापडली, हे त्यांना पटायला वेळ लागत होता. "ठीक आहे," ते म्हणाले, म्हणजे ठीक नाही. "याबद्दल आपण नंतर बोलू. तुम्ही गटप्रमुख राहायचं की नाही, तेही."

"हो," ती म्हणाली आणि खाली बसली. सासऱ्यांकडे पाहायची तिची हिंमत झाली नाही.

"मग हलवायचं कसं ते बघू," सासरे म्हणाले, जणू मधलं काही झालंच नाही. "तारकी घेताय, चांगलं करताय. फक्त सांभाळा. गुणाकाराचा ताराही तारकी खाऊन टाकते. सूत्रं वाचायला घेतलीत तर दोन आकड्यांमधलं चिन्ह गायब, आणि मधले आकडे तिरके. ते आधी हुडका." सगळे भराभर लिहून घेऊ लागले. त्यांचा आवाज मोकळा झाला, हात चालू लागले. "दुसरं. उदाहरणांमध्ये काही ओळी खऱ्याच टिंबानं सुरू होतात. ते टिंब म्हणजे खूण नव्हे. ते यंत्राला कळावं म्हणून आम्ही त्याच्या आधी एक, आधी ते आपलं..."

हात हवेत थांबला.

"आधी एक ते लावायचो..."

सगळ्यांची पेनं थांबली. पोपट आपल्या बुटांकडे बघू लागला. घाईसाहेब, ज्यांना लिफ्टची वाट बघवत नाही, ते हाताची घडी घालून शांत उभे.

तिला माहीत होतं. त्यांनीच शिकवलं होतं तिला, पहिल्या आठवड्यात. शब्द तिच्या जिभेवर होता आणि तिनं तो दातांमागे दाबून धरला. सांगितलं तर पुन्हा सगळ्यांसमोर त्यांचं उणं. नाही सांगितलं तर ते तिथंच उघड्यावर उभे.

सासरे तिच्याकडे वळले. "सांग की," ते म्हणाले. "त्या दिवशी न विचारता सांगितलंस. आज विचारतोय."

"बॅकस्लॅश," ती पुटपुटली.

"मोठ्यानं. मागे ऐकू जाऊ दे."

"बॅकस्लॅश."

"बॅकस्लॅश," सासरे म्हणाले, हवेत एक उलटी तिरकी रेघ ओढली आणि पुढं निघाले. "तो काढायचा, पण टिंब ठेवायचं. आणि ते टिंब-ग. मला नाही आठवत. यांनाही नाही. ते घेऊ नका सोबत."

शंकासुरानं विचारलं, "पण त्यात काही महत्त्वाचं असलं तर, सर?"

"तर गेलं," सासरे म्हणाले. यावर शंकासुर एकदम हसला, हात तोंडावर जायच्या आत. सासऱ्यांनी त्याच्याकडे जरा आवडीनं पाहिलं.

मग तक्त्यांवर आले. तारकी तक्ते कसे मोडते ते त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. "आडव्या ओळी टिकतील, त्यांची काळजी नको. मोडतात ते उभे. हे उभे..." फळ्यावर पेन टेकलेलं. "उभे जे असतात..."

तिनं तोंड उघडलं. आता तिला कळलं होतं की तिनं बोलायचं असतं.

सासऱ्यांनी न वळता डावा हात वर केला. थांब.

ती थांबली. सगळेच थांबले. ते फळ्याकडे तोंड करून उभे होते, मान थोडी कललेली, पलीकडच्या खोलीतून कुणीतरी हाक मारलीय आणि नीट ऐकू येत नाहीय, तसे. पेनचा ठिपका फळ्यावर मोठा होत गेला. ती सगळ्यांसमोर, उघड्या तोंडानं, शब्द तसाच जिभेवर घेऊन बसून राहिली, आणि तो गिळायचीही तिला परवानगी नव्हती.

"रकाने," सासरे म्हणाले.